गाडीखालचं प्लास्टिक कव्हर ठेवावं की काढावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात गॅरेज चालवताना हे प्रश्न जवळजवळ रोज येतात, आणि पावसाळा लागला की जास्तच. गाडीखालच्या या प्लास्टिकबद्दल लोकांची दोन टोकाची मतं असतात. काहींना ते फालतू वाटतं, तर काहींना ते आहे म्हणून चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी, सुरक्षित आहे असं वाटतं. दोन्ही समजुतींचा खर्च शेवटी गाडीमालकालाच करावा लागतो, म्हणून उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

हे प्लास्टिक गाडीखाली नेमकं कुठे असतं?

गाडी रॅम्पवर घेतली की पुढच्या बंपरला लागून, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या खाली जे काळं प्लास्टिक दिसतं, ते इंजिनचं अंडरकव्हर. चाकांच्या वर, मडगार्डच्या आतल्या बाजूला असतात ते फेंडर लायनर. काही गाड्यांना दरवाजांच्या खाली दोन्ही बाजूंनी लांब पट्टे असतात आणि मागच्या बंपरखालीही एक तुकडा असतो. सायलेन्सरचा पाइप जातो तो मधला भाग मात्र उघडाच ठेवलेला असतो किंवा तिथे ॲल्युमिनियमची हीट शील्ड असते. कारण बहुतेक कव्हरं पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकची असतात, आणि ते साधारण १६० अंशांना वितळतं.

कव्हर काढून उलटं केलंत तर मागे बारीक अक्षरं कोरलेली सापडतील. ‘पीपी’ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्यापुढे ‘जीएफ ३०’ असेल तर त्यात ३० टक्के काचतंतू आहेत, ‘टीडी २०’ असेल तर २० टक्के टाल्क. काही गाड्यांत प्लास्टिकऐवजी जाड फेल्टसारखं, हाताला खरखरीत लागणारं कव्हर येतं. ते पाहून ‘पुठ्ठा लावलाय’ अशी तक्रार घेऊन लोक येतात. तो पुठ्ठा नाही, दाबून बसवलेले कृत्रिम धागे आहेत आणि ते मुद्दाम निवडलेले असतात. आवाज शोषायचं काम ते कडक प्लास्टिकपेक्षा चांगलं करतात.

चेंबर गार्ड म्हणतात तो हाच का?

नाही, आणि हा फरक सगळ्यांनी नीट समजून घ्यावा. चेंबर गार्ड लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा जाड पत्रा असतो आणि तो दगडाचा मार खाण्यासाठीच बनवलेला असतो. कंपनीकडून येणारं प्लास्टिक कव्हर असतं वारा, पाणी, चिखल आणि आवाज यांच्यासाठी. चाकाने उडवलेली खडी ते अडवतं, पण गाडीचं वजन घेऊन एखाद्या दगडावर आपटलं की ते वाकतं किंवा फुटतं आणि मार सरळ वरच्या चेंबरला बसतो. ‘खाली कव्हर आहे’ या भरवशावर खड्ड्यातून गाडी रेटू नका.

मग त्याचा उपयोग तरी काय?

पुष्कळ आहे. पहिला पाण्याचा. इंजिनच्या बाजूला फॅनबेल्ट, अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, सेन्सरचे वायरिंग सॉकेट हे सगळं खालच्या पातळीवर असतं. कव्हर नसेल तर पुढची चाकं रस्त्यावरचं पाणी आणि चिखल थेट तिथे फेकतात. बेल्टवर पाणी आलं की तो किंचाळतो, खडी अडकली की त्याच्या कडा खाल्ल्या जातात, आणि सॉकेटमध्ये ओल शिरली की चेक इंजिनचा दिवा लागतो. असा दिवा दोन दिवसांनी आपोआप विझतो, पुन्हा पावसात लागतो आणि शोधता शोधता नाकी नऊ येतात.

दुसरा आवाजाचा. डिझेल गाडीचं कव्हर काढून ती एकदा चालवून पाहा, इंजिनची खडखड खालून रस्त्यावर आपटून आत येते.

तिसरा उपयोग फारसा कोणाच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे इंजिन थंड ठेवण्याचा. पुढच्या जाळीतून आत आलेली हवा रेडिएटरमधून जाऊन मागे-खाली बाहेर पडावी लागते. ही वाट आखताना कव्हरचाही विचार केलेला असतो. त्यामुळे ‘कव्हर काढलं की इंजिन जास्त थंड राहतं’ हे ऐकायला पटतं, पण सगळ्या गाड्यांना लागू नाही. काही मॉडेलमध्ये पुढचा तुकडा नसेल तर सिग्नलला उभं असताना रेडिएटरमागची गरम हवा खालून वळून पुन्हा पुढे येते आणि फॅन तीच खेचत बसतो.

आणि चौथा वाऱ्याचा. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

कव्हरमुळे मायलेज वाढतं का?

शहरात फरक जाणवणार नाही. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणजे ताशी ४० किलोमीटरला जेवढा अडथळा असतो, त्याच्या सव्वासहा पट ताशी १०० ला होतो. गाडीचा वरचा भाग गुळगुळीत असतो. खाली मात्र सस्पेंशनचे आर्म, सायलेन्सर, क्रॉस मेंबर, नळ्या अशी खडबडीत अडगळ असते आणि हवा तिच्यात घुसमटते. कव्हर तिला सपाट वाट करून देतं.

त्यामुळे कर्वे रोड ते स्वारगेट एवढाच तुमचा रोजचा प्रवास असेल तर कव्हरच्या मायलेजचा विचार करू नका. आठवड्याला द्रुतगती महामार्गावरून मुंबईला जात असाल तर त्याचा थोडा पण खरा फायदा आहे. बचतीपेक्षा मी दुसऱ्या गोष्टीला महत्त्व देतो. एका बाजूने सुटलेलं कव्हर त्या वेगाला फडफडतं, वारा त्याच्या कडेत शिरतो आणि उरलेले लॉक उपटतो. कव्हर लावायचं तर पूर्ण लावा. अर्धवट लटकणारं कव्हर घेऊन महामार्गावर जाऊ नका.

तोटे काय आहेत ते सरळ सांगा.

सगळ्यात मोठा तोटा म्हणजे गळती लपते. पूर्वी गाडी हलवल्यावर पार्किंगच्या फरशीवर ऑइलचा डाग दिसायचा आणि माणूस सावध व्हायचा. आता चेंबरच्या पॅकिंगमधून किंवा ऑइल फिल्टरजवळून झिरपलेलं ऑइल कव्हरवर साचतं. फेल्टचं कव्हर तर ते पिऊनच घेतं. डाग दिसेपर्यंत बरंच ऑइल गेलेलं असतं. कूलंटचंही तसंच. म्हणून कव्हर असलेल्या गाडीची डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी हमखास बघा. कूलंटच्या टाकीची पातळीही थंड इंजिनवर बघा. फरशी कोरडी आहे एवढ्यावर समाधान मानू नका.

दुसरा तोटा सर्व्हिसिंगचा. ऑइल बदलायला काही कव्हरांना छोटी खिडकी असते, काहींचं अख्खं कव्हर उतरवावं लागतं. त्यात वेळ जातो, आणि घाई असलेला कारागीर तो वेळ वाचवतो. दहा ठिकाणी लावायचे बोल्ट सहा ठिकाणीच लागतात, उरलेले ट्रेमध्ये पडून राहतात. कव्हर बदनाम होतं ते बरंचसं यामुळे.

तिसरा तोटा म्हणजे वर साचणारा कचरा. वाळलेली पानं, चिखल, कधी सर्व्हिसिंगच्या वेळी विसरलेलं फडकं. ऑइल पडलेलं कापड आणि सुकी पानं गरम सायलेन्सरजवळ असणं आगीला आमंत्रण आहे. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी दर सर्व्हिसिंगला कव्हर उतरवून झाडून घ्यायला सांगावं. चिखल ओला राहिला तर त्याला टेकलेला पत्राही गंजतो. कव्हरला पाणी जायला मुद्दाम भोकं ठेवलेली असतात, ती तुंबली की हा त्रास होतो.

माझ्या गाडीचं कव्हर तुटलंय. न लावता चालवली तर काय होईल?

गाडी लगेच बंद पडणार नाही. उन्हाळ्यात, गावातल्या गावात, नवीन कव्हर येईपर्यंत चालवायला हरकत नाही. पण ‘तीन वर्षं झाली, काही होत नाही’ असं सांगणाऱ्यांच्या गाड्यांचे बेल्ट आणि सॉकेट पाहा. पावसाळ्याआधी कव्हर बसवून घ्या.

दर सर्व्हिसिंगनंतर खालून आवाज का येतो?

बहुतेक वेळा लॉकमुळे. कव्हर धरून ठेवायला दोन प्रकारचे जोड असतात. एक १० नंबरच्या पान्याने सुटणारा बोल्ट, जो बॉडीवर चढवलेल्या यू आकाराच्या पत्र्याच्या नटमध्ये जातो. दुसरा प्लास्टिकचा लॉक, ज्याच्या मधोमध एक छोटी खुंटी असते. खुंटी वर ओढली की पाय मिटतात आणि लॉक निघतो, दाबली की पाय फाकतात आणि तो पकडतो. या फटीत चिखल सुकून दगडासारखा घट्ट बसतो. मग कारागीर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटतो आणि खुंटीचं डोकं तुटतं. आधी पाण्याचा फवारा मारून, ब्रशने माती काढून मग खुंटी उचलली तर तोच लॉक अनेक वेळा वापरता येतो. यात जास्तीचा वेळ दोन मिनिटांचाच जातो.

तुटलेल्या लॉकच्या जागी भलताच स्क्रू ठोकू देऊ नका. बॉडीच्या पत्र्याला नवं भोक पाडलं की तिथला रंग गेला आणि गंजाची सुरुवात झाली. आपल्या मॉडेलचे चार-सहा लॉक विकत घेऊन डॅशबोर्डच्या खणात ठेवा. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत ते सहज मिळतात, फक्त जुना नमुना सोबत न्या, कारण भोकाचा व्यास मिलिमीटरने जरी चुकला तरी लॉक धरत नाही.

गाडी ताब्यात घेताना एवढं विचारा: ‘खालचे सगळे बोल्ट, लॉक लागलेत ना?’ आणि मोबाइल बंपरखाली धरून एक फोटो काढा. रिकामी भोकं लगेच दिसतात. असा फोटो काढणाऱ्या गिऱ्हाइकाचा कारागिराला राग येत नाही, आणि आला तरी चालेल.

पुण्याच्या स्पीडब्रेकरवर गाडी खाली घासते. कव्हर खाली लोंबतंय म्हणून का?

लोंबत असेल तर घासणारच, पण बहुतेक वेळा दोष ब्रेकरचा असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार गोलाकार ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आपल्या लहान गाड्यांच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर साधारण अडीच मीटर असतं. एवढ्या रुंद उतारावर गाडी हळूहळू चढते आणि तशीच उतरते. पुण्याच्या गल्लीबोळांत आणि सोसायट्यांच्या दारात जे ब्रेकर आहेत ते उंच आणि अरुंद असतात, म्हणजे पुढची चाकं उतरतात तेव्हा उंचवटा गाडीच्या पोटाखाली आलेला असतो.

माहितीपत्रकातला ग्राउंड क्लिअरन्सही, म्हणजे रस्ता आणि गाडीचं पोट यांतलं अंतर, बऱ्याचदा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं आणि डिकीत सामान भरलं की तो काही सेंटिमीटरनी कमी होतो.

गाडी चालवण्यातही एक सवय लावून घ्या. ब्रेकरवर चढताना ब्रेक दाबलेला असला तर गाडीचं नाक खाली जातं आणि कव्हरची पुढची कड घासते. ब्रेक आधी लावा, वेग उतरवा आणि प्रत्यक्ष ब्रेकरवर जाताना पाय उचला. बेसमेंट पार्किंगच्या उताराला जागा असेल तर गाडी थोडी तिरकी घाला.

घासण्याच्या खुणाही वाचता येतात. कव्हरच्या पुढच्या कडेला बारीक समांतर ओरखडे असतील तर ते पार्किंगच्या उताराचे, त्यांची फिकीर नको. मधोमध एकच खोल चरा किंवा आत दबलेला खड्डा असेल तर कव्हर उतरवून वरचा चेंबर बघायलाच हवा.

साचलेल्या पाण्यातून गेल्यावर कव्हर निखळलं. असं का होतं?

पाण्यातून वेगाने गेलं की बंपरपुढे लाट तयार होते आणि ते सगळं पाणी कव्हरच्या पुढच्या कडेवर आदळतं. एखादा लॉक आधीच नसेल तर कड तिथून उघडते आणि कव्हर मागे दुमडतं. पाण्यातून उलटं येताना तर आणखी वाईट, कारण मागच्या कडेला पाणी अडवायला काहीच नसतं.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो. कव्हर इंजिनात पाणी जाण्यापासून वाचवत नाही. इंजिन पाणी ओढतं ते एअर फिल्टरच्या तोंडातून. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की बाबा भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली जातो. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आंबिल ओढ्याच्या पुरात आणि २०२४ च्या जुलैमध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत उभ्या गाड्यांत पाणी शिरलं. अशा पाण्यात बुडालेली गाडी स्टार्ट करू नका, टो करून न्या. आणि गाळ धुताना कव्हर उतरवूनच धुवा, नाहीतर वरून चकचकीत झालेल्या गाडीच्या पोटात गाळ तसाच राहतो.

रस्त्यातच कव्हर लटकायला लागलं तर?

गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सायलेन्सर गार होऊ द्या. केबल टायने कव्हर वर बांधा आणि टाय सायलेन्सरला किंवा फिरणाऱ्या ॲक्सलला लागत नाही हे पाहा. बांधता येत नसेल तर उरलेले लॉक काढून कव्हर डिकीत टाका. चाकाखाली आलेलं कव्हर फेंडर लायनर आणि सेन्सरची वायरही ओढून नेतं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नका.

तुटलेलं कव्हर चिकटवता येतं का?

गोंदाने नाही. पॉलिप्रॉपिलीनवर सुपरग्लू किंवा इपॉक्सी धरत नाही, दोन दिवसांत पोपडा निघतो. तडा गेला असेल तर प्लास्टिक वेल्डिंग होतं. गरम टोकाने कडा वितळवून त्याच जातीच्या प्लास्टिकची काडी त्यात भरतात. बोल्टचं भोक फाटलं असेल तर मोठा वॉशर घालून काम चालतं. फेल्टचं कव्हर ऑइलने भिजलेलं असेल तर दुरुस्ती नको, बदला. ते धुऊन पूर्ण निघत नाही.

प्लास्टिक काढून लोखंडी गार्ड लावू का?

रोजच्या शहरी वापराला माझं उत्तर नाही असंच आहे. २ मिलिमीटर जाडीचा, साधारण ८० बाय ६० सेंटिमीटरचा पोलादी पत्रा साडेसात किलोच्या घरात जातो. एवढं वजन गाडीच्या पुढच्या टोकाला लटकतं, ग्राउंड क्लिअरन्स थोडा खातं आणि नीट बसवलं नसेल तर विशिष्ट वेगाला घुमतं. हवेला फटी ठेवल्या नसतील तर इंजिनखाली उष्णता कोंडते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे समोरून धडक बसली तर पुढचा भाग कसा दबावा हे गाडी बनवताना ठरवलेलं असतं. त्यात बाजारातला कडक पत्रा कुठेही आवळला तर तो हिशेब बिघडू शकतो.

ज्यांची शेती किंवा काम पानशेत-मुळशीच्या आतल्या वाड्यांवर आहे, दगडगोट्यांची वाट रोजची आहे, त्यांनी जरूर लावावा. मात्र तो सबफ्रेमच्या (इंजिनखालच्या लोखंडी चौकटीच्या) मूळ बोल्टवर बसणारा, त्याच मॉडेलसाठी बनवलेला, ऑइलच्या नटासमोर भोक असलेला हवा. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या ॲक्सेसरीच्या यादीतला घ्या. बाजूचे प्लास्टिकचे तुकडे आणि लायनर तसेच राहू द्या.

कव्हर तुटल्यावर विम्याचा क्लेम करावा का?

नुसत्या कव्हरसाठी करू नये. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. वर सक्तीची वजावट असते, म्हणजे क्लेममधली एवढी रक्कम तुम्हालाच भरावी लागते: १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यापुढे २,००० रुपये. शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, जो पहिल्या वर्षाला २० टक्के आणि वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत पोचतो. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, असली तरी बोनसचं गणित मांडून पाहा.

चेंबर फुटला तर गोष्ट वेगळी. खाली जोरात आपटल्यावर डॅशबोर्डवर ऑइलच्या कॅनचा लाल दिवा लागला तर त्या क्षणी इंजिन बंद करा. ‘पुढच्या चौकात गॅरेज आहे, तिथवर जाऊ’ म्हणून चालवलेली गाडी इंजिन जाम करून घेते. फुटलेला चेंबर अपघाताच्या नुकसानीत बसतो. ऑइल नसताना गाडी चालवल्याने जाम झालेलं इंजिन मात्र साध्या पॉलिसीत बसत नाही, त्याला परिणामी नुकसान म्हणून नकार मिळतो. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचा वेगळा विमा घ्यावा लागतो, आणि त्यातही दिवा लागल्यावर तुम्ही गाडी रेटली का हे तपासलं जातं. आपटल्यावर खालचे फोटो काढा आणि टो बोलवा.

इलेक्ट्रिक गाडीला इंजिनच नाही, मग खाली प्लास्टिक कशाला?

वाऱ्यासाठी. महामार्गावर इलेक्ट्रिक गाडीची बरीच ऊर्जा वारा कापण्यात जाते, म्हणून तिचं पोट शक्य तितकं सपाट ठेवतात. बॅटरीला तिचं स्वतःचं धातूचं कवच असतं, ते वेगळं. खालून जोरात मार बसला आणि प्लास्टिकवर नुसता ओरखडा दिसला तरी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा. कवचाला पोचा पडलाय का आणि कूलंट गळतंय का हे कव्हर उतरवल्याशिवाय कळत नाही. बाहेरच्या कोणालाही तिथे नवा स्क्रू मारू देऊ नका.

कव्हर असलं की उंदीर येत नाहीत ना?

येतात. उलट कव्हरवर त्यांना बसायला कोरडी, उबदार जागा मिळते. कव्हर उतरवल्यावर शेंगांची टरफलं, कापूस किंवा लेंड्या दिसल्या तर वायरिंग तपासून घ्या.

अँटीरस्ट कोटिंग कव्हरवरूनच मारतात, चालेल का?

पैसे वाया. कोटिंग पत्र्याला लागायला हवं. कव्हर उतरवून, धुऊन, पूर्ण वाळवून मगच मारायचं, आणि पाणी जाण्याची भोकं व लॉकच्या जागा चिकटपट्टीने झाकायच्या. कोकणात वारंवार जाणाऱ्यांना ते उपयोगी आहे, कारण खारी हवा पत्रा लवकर खाते.

जुनी गाडी घेताना कव्हरवरून काही कळतं का?

बरंच कळतं. गाडी रॅम्पवर घ्यायला लावा आणि कव्हर उतरवून पाहण्याचा आग्रह धरा, हवं तर त्याची मजुरी तुम्ही द्या. आठ वर्षांच्या गाडीला खाली कोरं करकरीत कव्हर असेल तर जुनं कशामुळे गेलं हे विचारा. कव्हरच नसेल तर बेल्टच्या कडा आणि चेंबरवर वेल्डिंगची रेघ शोधा. फेंडर लायनरच्या आत, हात घातल्यावर पोचेल अशा कोपऱ्यात बारीक पिवळसर गाळाचा थर लागला तर पुराच्या पाण्याचा संशय घ्या. विक्रेता कव्हर उतरवू द्यायला तयार नसेल, तर त्या गाडीचा सौदा करू नका.